भेट म्हणून दिलेले दात

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे आणि मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू सहसा हळव्या होतात, हे मला ठाऊक आहे. जुनी छत्री मुसमुसते, फुटकी पाटी उसासे टाकते. मला ते जमणार नाही. मी म्हणजे नुसते दात. रडायला मला डोळे नाहीत. मला दातओठ खाता येतात, तेही अर्धेच, कारण ओठ माझे कधी नव्हतेच.

उत्तर नॉर्वेतल्या आमच्या बेटावर तेव्हा एक कवळीवाला येत असे. स्वतःची छोटी बोट घेऊन तो या खाडीतून त्या खाडीत फिरे. एका पेटीत पकडी, दुसऱ्या पेटीत मेण आणि साचे. आधी दात उपटायचे, मग हिरड्या भरून आल्या की कवळी बसवायची, असा त्याचा दुहेरी धंदा. त्याने मला घडवले. लालसर, टणक रबराच्या हिरड्या आणि त्यांवर चिनी मातीचे पांढरेशुभ्र दात. त्याच्या हातात कसब होते, हे मी नाकारत नाही. मला चकाकी देताना तो स्वतःशीच शीळ घालत होता.

आता तुम्ही विचाराल, ही कवळी कोणत्या म्हातारीसाठी बनली? तिथेच तर माझ्या रागाचे मूळ आहे. मी म्हातारीसाठी बनले नाही. मी रागना नावाच्या एका शाळकरी मुलीसाठी बनले. आणि मला मागवले ते तिच्यावर जीव टाकणाऱ्या आईवडिलांनी, भेट म्हणून!

आमच्याकडे मुले पंधराची झाली की चर्चमध्ये त्यांचे दृढीकरण होते. त्या दिवशी ती मोठी झाली असे मानतात. मग घरी मेजवानी होते, पाहुणे येतात, भेटी मिळतात. कुणाला मनगटी घड्याळ मिळे, कुणाला नवा कोट. आणि ज्या घरात मुलीचे फारच कोडकौतुक, त्या घरात तिला मिळे कवळी. एकदा सगळे दात काढून टाकले की जन्माची दातदुखी गेली. ऐन हिवाळ्यात पुरुष समुद्रावर असताना दाढ ठणकायला लागली तर कुणाला बोलवायचे, ही चिंता मिटली. होणाऱ्या नवऱ्यामागे दातांचा खर्चही उरला नाही. तोंडात कवळी असलेली मुलगी म्हणजे सगळी तयारी झालेली मुलगी!

हे ऐकून तुम्हाला हसू येते आहे का? हसा. पण मी रागनाच्या तोंडात राहिले आहे. मला हसू येत नाही.

रागनाच्या फक्त दोन दाढा किडल्या होत्या. बाकीचे सगळे दात घट्ट होते. पण तिच्या हिरड्यांतून रक्त येई. येणारच! त्या घरात साऱ्या कुटुंबात मिळून दात घासायचा एकच ब्रश होता. तो चुलीमागे खिळ्याला टांगलेला असे. शनिवारी आंघोळी झाल्या की रविवारच्या प्रार्थनेसाठी चकचकीत दिसावे म्हणून तो खाली निघे आणि थोरांपासून धाकट्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडातून फिरे. रागनाच्या हाती येईपर्यंत त्याचे केस चारी दिशांना आडवे झालेले असत. ती पुढचे चार दात आडवे खसाखसा घासे, तेवढ्यात रक्त दिसे, आणि तिची आई म्हणे, "रक्त आलं ना? मग राहू दे बाई. उगीच दुखावू नकोस." की झाले, पुढच्या शनिवारपर्यंत दातांना सुट्टी.

आणि त्यात भर कॉफीची. आमची माणसे कॉफीत साखर घालत नाहीत. साखरेचा खडा पुढच्या दातांत धरतात आणि त्यातून कॉफी ओढतात. सकाळी, दुपारी, पाहुणा आला की, पाहुणा गेला की. जराशी उंची वाढली की मुलांनाही खडा मिळे. दिवसभर दात साखरेत मुरायचे आणि आठवड्यातून एकदा ते घासायचे! मग दात किडले की दोष कुणाचा? तर दातांचा. "आमच्या घराण्याचे दातच वाईट," असे सगळे एका सुरात म्हणत. मला त्या घराण्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. पण हातही मला नाहीत.

गावच्या सभागृहात खिडकीजवळ खुर्ची मांडून कवळीवाल्याने रागनाचे सगळे दात काढले. किडलेलेही आणि चांगलेही. तेव्हा मी जन्मले नव्हते, पण मागाहून मला कळले की चांगले दात निघता निघत नव्हते. मुळे घट्ट होती त्यांची. त्याला कपाळाचा घाम पुसावा लागला. ज्या दाताला उपटताना घाम फुटतो, तो दात उपटायचाच कशाला, असा प्रश्न तिथे एकालाही पडला नाही. मग तो सगळा हिवाळा रागनाने लापशी आणि माशाच्या पातळ सारावर काढला आणि वसंतात मी तिच्या तोंडात बसले.

मेजवानीला सगळे वाहवा करत होते. "काय सुंदर दिसते पोरगी! सगळ्या बेटावर असे दात नाहीत." रागनाने आरशात पाहिले. ती खूश दिसत होती, कारण सगळे खूश होते. मग तिने सुक्या माशाचा तुकडा उचलला. काठीवर वाळवलेला, लाकडासारखा कडक मासा दातांनी ओढून तोडायचा आणि चघळत बसायचा, हे तिचे लहानपणापासूनचे वेड. तिने चावा घेतला आणि मी सरकले. तिने पुन्हा चावा घेतला, मी पुन्हा सरकले. तिने तुकडा हळूच खिशात घातला आणि लापशी मागितली. कुणाचे लक्ष नव्हते.

पुढे तिचे लग्न झाले. नवरा हिल्मार, मासेमारी करणारा, मनाने चांगला, बोलायला कमी. लग्नात त्याचे मित्र त्याला चिडवत होते, "सुटलास लेका, तुझी बायको दात घेऊनच आली!" आणि हा गडी अभिमानाने मान हलवत होता.

मी रागनाच्या तोंडात राहायची, म्हणजे ती बोलली की मला उजेड दिसे आणि गप्प बसली की अंधार. माझे आयुष्य बहुतेक अंधारातच गेले. कारण हिरड्यांखालचे हाड दरवर्षी झिजत होते, मी सैल होत होते आणि रागनाला तोंड उघडायची भीती वाटायला लागली होती. एकदा मासे वाळत घालताना तिला जोरात शिंक आली आणि मी थेट खाली गवतात जाऊन पडले. तिने माझ्यावर स्कर्टचा घोळ टाकला, खाली बसून मला उचलले, आणि त्या दिवसापासून हसताना तोंडावर हात धरायला लागली. पुढे पुढे हसणेच कमी केले.

झोपतानाही ती मला काढत नसे. कवळीला आणि हिरडीला दोघींनाही विसावा लागतो, हे तिला कुणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी तिने मला काढले नसते. नवऱ्यासमोर बोळके तोंड? छे! कोठीघराचे दार आतून लावून ती मला भराभर धूत असे आणि लगेच तोंडात घालत असे. हिल्मारने तिला माझ्याशिवाय कधीही पाहिले नव्हते. माझ्याखाली तिच्या हिरड्या सुजत, सोलवटत. मित्रांनो, दात चावण्यासाठी असतात ना? मी जन्मभर जिच्या तोंडात होते तिलाच चावत राहिले. असले जिणे कुणी मागितले होते?

रागनाला पहिली मुलगी झाली, तुरिद. आता नीट ऐका, कारण माझी खरी गोष्ट तुरिदच्या दातांची आहे.

तुरिद चौदा वर्षांची झाली. बडबडी, खोडकर, आणि हसली की सगळे दात दाखवणारी. साखरेचा खडा तिलाही मिळत होता आणि तिचीही एक दाढ किडली होती. त्या वर्षी सरकारने शाळांसाठी दातांचे डॉक्टर पाठवले. आमच्या शाळेत आलेल्या डॉक्टरीणबाईंचे नाव डागनी. त्यांनी तुरिदची दाढ उपटली नाही. कोरून, साफ करून भरली! "दात भरतात?" रागनाने दोनदा विचारले. तिला वाटत होते, दात फक्त काढतात.

डागनीबाईंनी प्रत्येक मुलाला स्वतःचा ब्रश दिला आणि घासायला शिकवले. ब्रश हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे जरासा तिरका धरायचा. आडवे खसाखसा ओढायचे नाही. तिथल्या तिथे हलक्या हाताने छोटे छोटे फेरे. बाहेरून, मग आतून, मग दाढांचा माथा. अगदी मागच्या दाढेपर्यंत, जिथे जायचा सगळ्यांना कंटाळा येतो. सकाळी एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा, आणि झोपण्यापूर्वी घासले की मग पाण्याशिवाय तोंडात काही नाही.

तुरिदने चार दिवस मनापासून दात घासले. पाचव्या दिवशी तिची आजी, म्हणजे रागनाची सासू, मोरीत डोकावली आणि किंचाळली. बेर्नतीने हे तिचे नाव.

"अगं बाई, रक्त! रागना, इकडे ये, पोरीच्या तोंडातून रक्त येतंय!"

"थोडंसंच आहे, आजी," तुरिद म्हणाली.

"थोडंसं म्हणे! ते डॉक्टरीणबाईचं कुंचल्याचं खूळ टाक आधी. हिरड्या सोलून निघाल्या तुझ्या. अगदी आईवर गेलीस. हिच्याही दातांचं असंच झालं होतं."

तुरिद घाबरली. तिने ब्रश खिडकीत ठेवला तो ठेवलाच. मी रागनाच्या तोंडात बसून आतल्या आत चरफडत होते. बोल ना, रागना! सांग तिला! पण रागनाने ओठ मिटले आणि मला अंधार झाला.

घासणे थांबवूनही हिरड्या बऱ्या व्हायचे नावच घेईनात. उलट त्या जास्त सुजल्या, लाल झाल्या. मग भाकरी चावली तरी रक्त दिसे. आजीने एक दिवस जेवताना जाहीर करून टाकले, "मी कवळीवाल्याला निरोप धाडलाय. वसंतात यायचाय तो. दोन मेंढ्या विकीन, पण नातीला दृढीकरणाची भेट माझ्याकडून."

"आई, पण तिचे दात..." हिल्मार म्हणाला.

"काय तिचे दात? माझा भाऊ कसा गेला आठवतं ना तुला? मासे पकडायला गेले होते सगळे. दाढेला गळू झालं. गळा सुजला, श्वास अडला. किनाऱ्याला बोट लागेपर्यंत गेला पोरगा. त्याचे दात वेळेवर काढले असते तर?" तिने ताट बाजूला सरकवले. "माझ्या नातीचं तसं होऊ देणार नाही मी."

हिल्मारने मान खाली घातली. बेर्नतीने दुष्ट नव्हती, मित्रांनो. ती घाबरलेली होती. पण घाबरलेल्या माणसाने दुसऱ्याच्या तोंडात पकड घालावी का? माझा राग तसूभरही कमी झाला नाही.

पण त्या दिवशी रागनाच्या आत काहीतरी हलले. मला ते कळले, कारण तिने मला घट्ट आवळले. दुसऱ्या दिवशी ती तुरिदला घेऊन शाळेत गेली. डागनीबाई सामान बांधत होत्या. त्यांची बोट पुढच्या बेटावर निघणार होती.

"रक्त यायला लागलं म्हणून घासणं बंद केलंस?" बाईंनी तुरिदची हनुवटी धरून विचारले. "अगं वेडे, नीट घासलं जात नव्हतं म्हणून रक्त येतंय. हिरडीच्या कडेला घाण साचते, तिने हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीतून रक्त येतं. ती कड साफ ठेव. पहिले काही दिवस रक्त येईल. येऊ दे. हात हलका ठेव, पण थांबू नकोस. आठवडा-दोन आठवड्यांत फरक दिसेल."

"आणि दात? ते काढावे लागतील?" रागनाने विचारले. हे विचारताना तिने तोंडावर हात धरला होता.

"कशाला? उत्तम दात आहेत. जन्मभर पुरतील."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळले असावे. त्यांनी तिचा दंड हलकेच दाबला.

तुरिदने पुन्हा घासायला सुरुवात केली. रागना शेजारी उभी राहून बघे. "मागची दाढ राहिली," म्हणे. "आतून घास. घाई कसली आहे?" इतके सलग बोलताना मी तिला कधी ऐकले नव्हते. थुंकी आधी लाल होती, मग गुलाबी झाली. अजून पांढरी झाली नव्हती, आणि एका रविवारी कवळीवाल्याची बोट धक्क्याला लागली. ठरल्यापेक्षा आधीच.

बेर्नतीनेने शेजारपाजाऱ्यांना कॉफीला बोलावले होते. टेबलावर गरम वाफल, म्हणजे जाळीदार गोड धिरडी, साखरेचे खडे, सगळा थाट. आणि खिडकीजवळ खुर्ची. कवळीवाला आता पांढऱ्या केसांचा झाला होता. त्याने तुरिदला खुर्चीत बसवले, तिचा ओठ वर केला आणि हिरडीवर अंगठा जोरात दाबला. पुसट लाल रेघ उमटली.

"हे बघा," तो पाहुण्यांकडे वळून म्हणाला. "ही सुरुवात. अजून दोन-तीन वर्षांत सगळे हलायला लागतील."

"पण आता कमी झालंय! आधी खूप यायचं," तुरिद रडकुंडीला येऊन म्हणाली. "आई, सांग ना!"

"पोरी, घाबरू नकोस. मुंगी चावल्यासारखं वाटेल. आणि नंतर कसे दात मिळतील ठाऊक आहे का? हिच्या आईचे मीच बसवलेत. इतकी वर्षं झाली, अजून नव्यासारखे!" तो रागनाकडे बघून हसला. "रागना, जरा हसून दाखव गं. पोरीची भीती जाऊ दे."

सगळ्यांनी माना वळवल्या.

"दाखव की," सासू म्हणाली. "एवढं काय लाजायचं त्यात?"

रागनाने कप खाली ठेवला. ती हसली नाही. तिने अंगठा माझ्या मागे घातला आणि मला काढले. आधी वरचा भाग, मग खालचा. आणि सगळ्यांच्या देखत, वाफलच्या बशीशेजारी, मला टेबलावर ठेवले.

तिचा चेहरा मी पहिल्यांदाच उजेडात, समोरून पाहिला. गाल आत गेलेले. ओठ आत ओढलेले. हनुवटी नाकाकडे वर आलेली. पस्तिशीच्या आसपासची ती बाई, पण बाजूला बसलेल्या सासूपेक्षा म्हातारी दिसत होती. एक शेजारीण "अरे देवा" म्हणाली. हिल्मार उठून उभा राहिला.

"ही बघा भेट," रागना म्हणाली. शब्द फसफसत होते, पण एकही गाळला नाही तिने. "माझ्या दोन दाढा किडल्या होत्या. दोन! बाकीचे चांगले होते. मला कुणी विचारलं नाही. जेवताना दुखतं. बोलताना दुखतं. हसायचं तर आधी हात वर करायचा. नवऱ्याशेजारी झोपायचं तर तोंड उघडं पडेल म्हणून डोळा लागत नाही. हिल्मार, लग्न झाल्यापासून तू मला आज पहिल्यांदा बघतोयस."

"रोज दुखतं?" हिल्मारने विचारले.

"रोज."

"मग बोलली का नाहीस गं?"

"कुठल्या तोंडाने बोलू?"

कवळीवाला चुळबुळला. "कवळी जुनी झालीय, दुसरं काय. मी नवीन घट्ट करून देतो, अगदी..."

"तुमचं सामान उचला," हिल्मार म्हणाला.

"अरे, पण आईने शब्द दिलाय..."

"सामान उचला म्हटलं ना! माझ्या पोरीच्या तोंडाला हात लावायचा नाही."

बेर्नतीने उठली. "आणि उद्या गळू झालं तर? माझ्या भावासारखी गेली तर? तेव्हा कुणाच्या नावाने रडायचं?"

रागना तिच्याजवळ गेली. तशीच, बोळक्या तोंडाने. "सासूबाई, तुमच्या भावाला कुणी धड घासायला शिकवलं असतं, ती दाढ वेळेवर भरली असती, तर तोही वाचला असता आणि त्याचे दातही. दात काढणं हा इलाज नव्हता हो. आपल्याला दुसरं काही माहीतच नव्हतं. आता माहीत आहे. आता तरी पोरीचे दात तिला राहू द्या."

म्हातारी खाली बसली आणि तोंड न लपवता, सगळ्यांसमोर रडली. तुरिद खुर्चीतून उडी मारून आईला बिलगली. कवळीवाल्याने पेट्या उचलल्या. जाताना त्याने माझ्याकडे पाहिले. मीही त्याच्याकडे पाहिले. त्याने शीळ घातली नाही.

तुरिदची थुंकी पांढरी झाली तेव्हा घरात सगळ्यांना मोरीत बोलावून दाखवण्यात आली. कुणाची थुंकी इतक्या कौतुकाने बघितल्याचे बेटावर दुसरे उदाहरण नसावे. आजीने चष्मा लावून पाहिली, "हं" म्हणाली आणि परत गेली. दृढीकरणाला तुरिदला तिने मेंढ्यांच्या पैशांतून घड्याळ घेतले. साखरेचे खडे टेबलावर राहिले, माणसे एवढ्या चटकन सुधारत नाहीत. पण तुरिदने ते सोडले आणि तिच्यामागे जन्मलेल्या भावंडांना कुणी दिले नाहीत.

रागनाने त्या दिवसापासून मला झोपताना काढायला सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या खिडकीत, उघड्यावर, पाण्याच्या पेल्यात. पुढे हिल्मारने तिला शहरातल्या चांगल्या डॉक्टरांकडून नवी, मऊ बसणारी कवळी करून दिली. मी निवृत्त झाले. मला मुळीच वाईट वाटले नाही.

रागना पुष्कळ जगली. ती गेली तेव्हा शेजारच्या बायका तिला शवपेटीत नीट निजवत होत्या. एकीने पेल्यातली नवी कवळी आणली. "ही घालूया. नाहीतर चेहरा कसा दिसतो बघा."

"नाही," तुरिद म्हणाली. तिचे स्वतःचे केस तेव्हा पिकायला लागले होते. "आई बजावून गेलीय. म्हणाली, माझे दात तर माझ्यासोबत यायला उरले नाहीत. निदान मला माझ्या तोंडाने जाऊ दे."

आणि ती तशीच गेली. गाल आत गेलेले, ओठ मिटलेले. चर्चमध्ये तुरिद पहिल्या रांगेत उभी राहून भजन म्हणत होती आणि तिच्या तोंडात तिचे सगळे दात होते.

म्हणून सांगते, मित्रांनो, मला राग येतो. तुम्हाला स्वतःचा ब्रश आहे, घरात पाणी आहे, पेस्ट आहे, शिकवायला माणसे आहेत. आणि तुम्ही काय करता? ब्रश नळाखाली ओला करता, आरशात तोंड वेडेवाकडे करता आणि "घासले!" म्हणून ओरडता! कुणाला फसवता? आईला? दातांना फसवता येत नाही. हिरडीला तर मुळीच नाही.

सकाळी आणि झोपण्यापूर्वी, दोन मिनिटे. मऊ ब्रश, हलका हात, हिरडीची कड, आतली बाजू, अगदी मागची दाढ. फेस थुंकून टाका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका, पेस्टमधले औषध दातांवर राहू द्या. ब्रशचे केस वाकडे झाले की तो बदला. आणि हिरडीतून रक्त आले तर घाबरून ब्रश खाली ठेवू नका. नीट घासत राहा, आणि थांबले नाही तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. तुमच्या हिरड्या तुम्हाला सांगत असतात, ऐका त्यांचे. रागनाच्या हिरड्यांचे कुणी ऐकले नाही.

मी आता तुरिदच्या कपाटात कापसात गुंडाळलेली असते. तिची नातवंडे मला बघून "ई!" म्हणतात आणि पळतात. पळा! मोरीकडे पळा आणि ब्रश हातात घ्या. मी इतकी वर्षे एका मुलीच्या तोंडात तिच्या दातांच्या जागी बसून होते, आणि एक दिवसही मी तिचे दात झाले नाही.